उपचारही चालू, उपासनाही चालू

खालापूर तालुक्यातून एका वाचकाचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी विनंती आहे. त्यांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला असून खारघरला केमोथेरपी चालू आहे. कुटुंब ख्रिस्ती आहे. पत्रात प्रश्न तीन. उपवासकाळात आईने उपवास धरावा का? चर्चमध्ये सगळ्यांबरोबर एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यावे का? आणि तिसरा प्रश्न सही झाल्यावर, ताजा कलम म्हणून, बारीक अक्षरात लिहिला आहे : 'आई म्हणते, आता प्रार्थना होत नाही. तिचा विश्वास गेला का?'

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत देता येतील. हा लेख लिहायला बसलो तो ताजा कलम वाचून.

आधी एक खुलासा करतो. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर, कर्करोगतज्ज्ञही नाही. पण या भागात सत्तावीस वर्षे दवाखाना चालवताना सर्व धर्मांची माणसे तपासली. आपल्या रायगड जिल्ह्यात ख्रिस्ती समाज जुना आहे. रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावात तर पोर्तुगीज वळणाची बोली आजही घराघरांत बोलली जाते. कर्जत-खोपोलीकडे मात्र घरे विखुरलेली. कोणी रेल्वेत, कोणी कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी नर्स. त्यामुळे त्यांच्या घरात मोठे आजारपण आले की आजूबाजूच्यांना त्यांच्या रीतिभाती ठाऊक नसतात. आम्हा डॉक्टरांनाही नसतात. आणि हा विषय 'आपल्या कक्षेबाहेरचा' असे मीही एकदा ठरवले होते. ती चूक कोणाला भोवली ते सांगतो.

कर्जतजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) २०१४ साली त्यांच्या छातीत गाठ निघाली. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, पुढे केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी बाई आणि त्यांची बहीण पहाटेच्या लोकलने निघायच्या. अपंगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही जाता येते, हे मी सांगेपर्यंत त्यांना माहीत नव्हते. दोन फेऱ्या त्यांनी उभ्याने केल्या होत्या. दादरला उतरून परळ, दिवसभर रांगा, रात्री परत. मधल्या काळात रक्त तपासणे, उलट्या थांबवणे, ताप आला तर बघणे हे माझे काम.

एकदा सलाइन लावून झोपल्या असताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या मंडळीत माझ्यासाठी रोज प्रार्थना चालू आहे." मी दिवसभराच्या गर्दीने वैतागलेलो होतो. पटकन बोलून गेलो, "बाई, प्रार्थनेने गाठ विरघळली असती तर टाटाची इमारत बांधावीच लागली नसती." कंपाउंडर हसला. बाईही हसल्या. त्यानंतर त्यांनी माझ्याशी देवाविषयी एक शब्द काढला नाही. मला वाटले, विषय संपला.

चौथ्या केमोनंतर त्या आल्याच नाहीत. मी समजलो, सगळे परळलाच करून घेत असतील. चार-पाच महिन्यांनी आल्या तेव्हा डावा हात सुजला होता आणि गळ्याच्या हाडामागे सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागत होती. हळूहळू कळले ते असे. कोणा नातेवाइकाबरोबर त्या दुसऱ्या शहरात एका चंगाई सभेला गेल्या. तिथे डोक्यावर हात ठेवून त्यांना सांगण्यात आले, तू बरी झालीस, आता औषध घेणे म्हणजे अविश्वास. बाईंनी विचार केला. स्वतःच्या चर्चच्या पाळकांना विचारावे, तर ते नको म्हणतील. मला विचारावे, तर मी हसेन. म्हणून कोणालाच विचारले नाही.

सांगणारा दुष्ट असेलच असे नाही, बहुधा त्याचा स्वतःचा तसा विश्वास असेल. पण कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने या देशात बंदी आहे, आणि ती विनाकारण घातलेली नाही. केमोच्या फेऱ्या ठरावीक अंतराने का देतात? प्रत्येक फेरीत काही टक्के पेशी मरतात, उरलेल्या पुन्हा वाढू लागतात, आणि त्या सावरण्याआधी पुढचा घाव घालायचा असतो. मध्येच थांबले की चिवट पेशीच मागे उरतात. सुरुवातीला माणसाला छान वाटते. उलट्या थांबतात, तोंडाला चव येते, केस उगवू लागतात. हे केमो थांबल्याचे परिणाम असतात. बाईंना ते चंगाईचे चिन्ह वाटले. कोणालाही वाटले असते.

त्या दिवशी बाईंनी मला जे विचारले ते गाठीविषयी नव्हते. "डॉक्टर, मी विश्वासात कमी पडले का?"

म्हणजे आजार परत आला तो आला, वर त्याचा दोषही रुग्णाच्याच माथी. 'विश्वास असेल तर बरी होशील' या वाक्याची ही दुसरी बाजू आहे, आणि ती बोलणारे सभा संपल्यावर ऐकायला थांबत नाहीत. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी पहिल्यांदाच त्यांच्या पाळकांना फोन केला. ते संध्याकाळी दवाखान्यात आले, रुग्ण जाईपर्यंत बाकावर बसून राहिले, आणि मग आम्ही तासभर बोललो.

त्यांनी मला पवित्र शास्त्रातल्या काही जागा दाखवल्या. जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोघांचेही नाही म्हणतो. पौल हा एवढा मोठा प्रेषित. त्याच्या शरीरात कसला तरी काटा होता. त्याने तीनदा विनवणी केली, पण काटा निघाला नाही. आता पौलाला विश्वासात कमी कोण म्हणेल? तोच पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो, म्हणजे औषध वर्ज्य नव्हते. कॅथलिकांच्या बायबलमध्ये बेनसिराचे पुस्तक आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे आणि औषधे देवानेच जमिनीतून उपजवली असे म्हटले आहे. (हे पाठ करून ठेवावे असे मला फार वाटले, पण आमचे बहुतेक रुग्ण अन्य धर्मीय!) आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री खुद्द येशू हा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना करतो, तरी तो टळत नाही.

पाळक म्हणाले, "बाईंना हे सगळं माहीत आहे, डॉक्टर. रविवारच्या शाळेत त्यांनीच मुलांना शिकवलंय. पण आजारी माणसाला माहीत असलेलंसुद्धा कोणीतरी परत सांगावं लागतं."

कॅथलिक चर्च चमत्काराच्या बाबतीत किती कडक आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून कोट्यवधी भाविक गेले. तेथे १८८३ पासून डॉक्टरांची कचेरी आहे, ती प्रत्येक दावा तपासते. २०१८ पर्यंत चर्चने अधिकृतपणे मान्य केलेल्या घटना फक्त सत्तर. औषधाने गुण आला असण्याची शक्यता असेल तर प्रकरण बाजूला ठेवतात. कर्करोगाच्या रुग्णांचा म्हणून ज्या संताचा धावा करतात, तो इटलीचा संत पेरेग्रीन. त्याची कथा अशी की, पाय कापायच्या आदल्या रात्री प्रार्थना करताना जखम बरी झाली. मला त्या कथेत दुसरेच दिसते. पाय कापायला शल्यवैद्य ठरलेला होता, आणि या माणसाने त्याला नकार दिलेला नव्हता.

प्रार्थनेचा वैज्ञानिक अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी जास्तच निघाली. मी हे पाळकांना सांगितले तर ते शांतपणे म्हणाले, "देवाची परीक्षा पाहू नये असं आमच्यात सांगितलंच आहे." वादात ते जिंकले असे मी मानतो. पण एवढे खरे की प्रार्थना हे औषधाच्या जागी देण्याचे औषध नाही. तिचे काम वेगळे आहे.

ते काय, हे पुढची अडीच वर्षे बाईंकडे पाहून थोडे समजले. उपचार पुन्हा सुरू झाले. दुसरे औषध, मग किरणोपचार, मग गोळ्या. गाठ आटली, मग काही काळाने हाडांत उतरली.

याच काळात एकदा बाईंनी तेच सांगितले जे आमच्या पत्रलेखकाची आई सांगते आहे. प्रार्थना होत नाही. स्तोत्र उघडले की दोन ओळींनंतर डोळे तेच शब्द पुन्हा वाचतात. मन कोरडे. वर अपराधी वाटते. या खेपेला मी हसलो नाही, रक्त तपासले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले.

वाचकहो, हे नीट समजून घ्या. केमोच्या काळातला थकवा साधा नसतो, झोपून जात नाही. रक्त कमी होते. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडने दोन दिवस झोप उडते आणि ते उतरले की माणूस एकदम खचतो. पुष्कळांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती काही महिने मंदावते. वाचलेले ध्यानात राहत नाही, बोलताना शब्द सापडत नाही. काहींना खरेखुरे नैराश्य येते. सतत रडू येणे, पहाटे जाग येऊन परत झोप न लागणे, आवडत्या माणसांचाही कंटाळा येणे, आपण ओझे झालो असे वाटणे ही त्याची लक्षणे, आणि त्यावर चांगली औषधे आहेत. जी व्यक्ती वर्तमानपत्राचा एक रकाना पुरा वाचू शकत नाही, तिला दीडशे स्तोत्रांचे पुस्तक वाचवत नाही यात विश्वासाचा प्रश्न कुठे येतो? धार्मिक माणसाला मात्र तो थकवा सर्वात आधी प्रार्थनेतच जाणवतो, कारण रोज लक्ष देऊन करायचे असे तेच एक काम त्याच्याकडे असते.

बाईंना रक्त चढवले, झोपेचे औषध बदलले. निम्मा फरक त्याने पडला. उरलेल्या निम्म्यासाठी पाळकांनी उपाय काढला. ते म्हणाले, तुम्ही वाचू नका, ऐका. तुम्हाला जमत नाही तेव्हा मंडळी तुमच्या वतीने करते, मंडळी असते कशाला? मग शाळेतल्या दोघी शिक्षिका आळीपाळीने येऊन रोज एक स्तोत्र वाचू लागल्या. त्यातली एक हिंदू होती. रविवारी कोणीतरी पेटी घेऊन यायचे आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने म्हणायचे. अभंगाच्या चालीची ती भजने ऐकून शेजारच्या आजी भिंतीपलीकडून ताल धरत, त्यांना ती विठ्ठलाचीच वाटत. बाई डोळे मिटून पडून असत. कधी ओठ हलत, कधी नाही.

आता पत्रातले पहिले दोन प्रश्न. उपवास करू नये. कॅथलिक चर्चच्या नियमात आजारी माणसाला उपवासाची सूट आहे, शिवाय साठीनंतर तो कोणालाच बंधनकारक नाही. प्रोटेस्टंट मंडळींत तो ऐच्छिकच असतो. केमोच्या रुग्णाला प्रथिने जास्त लागतात. अंडी, डाळ, दूध, नीट शिजवलेले मासे खावेत. फारच मनाला लागत असेल तर फादरांना किंवा पाळकांना विचारून उपवासाऐवजी दुसरे काही धरावे. आमच्या बाईंनी एका वर्षी उपवासकाळात टीव्हीवरच्या मालिका सोडल्या होत्या. त्यांच्या बहिणीच्या मते हे फारच कठीण व्रत होते!

प्याल्याचे असे आहे. केमो दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. त्या दिवसांत गर्दी टाळावी आणि एका प्याल्याला तोंड लावू नये. नुसती भाकर घेतली तरी चालते. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे एका रूपात पूर्ण ख्रिस्त असतो. पाळकांना आधी सांगितले तर वेगळी लहान पेलीही देतात किंवा घरी येऊन प्रभुभोजन देतात. ताप १००.४ च्या वर गेला तर मात्र उपासना, पाहुणे, क्रोसिन सगळे बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये.

आणखी दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगतो. लूर्दचे किंवा वेलंकणीचे पाणी बाटलीतून आणून प्यायला देतात. पांढऱ्या पेशी कमी असताना ते उकळूनच द्यावे. उकळल्याने पावित्र्य जात नाही असे मला एका सिस्टरनी खात्रीने सांगितले आहे. किरणोपचार चालू असताना छातीवर किंवा मानेवर शाईच्या खुणा केलेल्या असतात. एका घरी प्रेमाने आशीर्वादाचे तेल नेमके तिथेच चोळले, खुणा पुसल्या गेल्या आणि पुन्हा सगळी मापे घ्यायला लागली. तेल कपाळाला, तळहाताला लावावे. गळ्यातला क्रूस किंवा पदक मशीनखाली जाताना काढावे, बाहेर आल्यावर घालावे. केस गेल्यामुळे चर्चला जायला लाजणाऱ्या बायकांना मी आपल्याच मराठी रिवाजाची आठवण करून देतो. डोक्यावरून पदर घेऊन उपासनेला बसणे ही आपल्याकडची जुनीच पद्धत आहे, टोपी विकत घ्यायची गरज नाही.

फादर घरी आले की काही घरांत रडारड सुरू होते, कारण तेलाचा विधी म्हणजे 'शेवटचे' अशी समजूत. पूर्वी तसे होते खरे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली पोप पॉल सहावे यांनी त्याचे रूप बदलले. आता तो आजारी माणसाला बळ मिळावे म्हणून आहे, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो आणि पुन्हापुन्हा घेता येतो.

वेदनेविषयीही एक गैरसमज आहे. ख्रिस्ताने दुःख सोसले म्हणून आपणही गोळी न घेता सोसावे, असे म्हणणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले होते की वेदना घालवण्यासाठी गुंगीचे औषध घेण्यास धर्माची आडकाठी नाही. खरे तर कर्करोगाच्या वेदनेवरचे आजचे शास्त्र ज्यांनी उभे केले त्या सिसिली साँडर्स श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू रुग्ण कर्करोगाने मरताना त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवून गेला. त्यातून सुरू झालेल्या कामाचे पुढे १९६७ मध्ये लंडनमधील सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस झाले. त्यांनी शिकवले की वेदना शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेची अशी एकत्र असते, आणि मॉर्फिन दुखेल तेव्हा न देता घड्याळाप्रमाणे द्यावे. आपल्याकडे भारतातले पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये वांद्र्याला मोतमावलीच्या टेकडीवर निघाले. शांती अवेदना सदन हे त्याचे नाव. टाटा रुग्णालयाचे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते काढले आणि होली क्रॉस संघाच्या सिस्टर्स तेथे सेवा करू लागल्या. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, पैसे घेत नाहीत. सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला मेणाचे हात, पाय वाहायला आपल्याकडचेही पुष्कळ लोक जातात. त्याच रस्त्यावर ही इमारत आहे.

बाई तिथे गेल्या नाहीत. घरीच राहिल्या. २०१७ च्या पावसाळ्यात शेवटचे दोन महिने मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या. त्या कर्जतला मिळत नव्हत्या, बहीण परळहून आणायची. रविवारी दुपारी पाळक प्रभुभोजन घेऊन येणार असले की बाई मला सकाळीच निरोप पाठवायच्या, "डॉक्टरांना विचारा, दोनची गोळी दीडला घेतली तर चालेल का? मला बसून घ्यायचंय." मी चालेल म्हणायचो. एका रविवारी मी तिथेच होतो. उशांच्या आधाराने त्या ताठ बसल्या, पदर डोक्यावर घेतला, भाकर घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, इमारत बांधली ते बरं झालं हो." इतकी वर्षे ते वाक्य त्यांनी लक्षात ठेवले होते.

पत्रलेखकाने पत्ता दिलेला नाही, म्हणून येथेच लिहितो. आईंचे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या आठवड्यात तपासून घ्या. झोप कशी आहे ते विचारा. गेल्या केमोची फाइल घेऊन त्यांना माझ्याकडे आणलेत तर मंगळवारी सकाळी दहाच्या आत या, बाजाराचा दिवस नसल्याने गर्दी कमी असते. आणि तुमच्या पाळकांना सवड असेल तर त्यांनाही बरोबर आणा. बाक मोठा आहे.